अर्जनवीस गेला, त्याचे काम राहिले

मामलेदार कचेरीच्या आवारात, बहुधा एखाद्या कडुनिंबाच्या सावलीला, ठेंगण्या मेजावर टंकलेखनयंत्र मांडून बसणारा अर्जनवीस हा आपल्या सार्वजनिक जीवनातला एक उपेक्षित, परंतु अत्यंत उपयुक्त पुरुष होता. शासकीय पदांच्या उतरंडीत त्याला स्थान नव्हते. तथापि वारसाची नोंद कोणत्या मेजावर होते, कोणत्या अर्जास किती मुद्रांक लागतो, आणि कोणता कागद जोडावयाचा राहिला म्हणजे अर्ज कोणत्या सबबीवर परत येतो, याविषयीचे जे ज्ञान त्याच्यापाशी असे, ते आत बसलेल्या अव्वल कारकुनापाशीही क्वचितच एकत्र सापडे. शेतावरून थेट कचेरीत आलेल्या खातेदाराने आपली सारी हकीकत, तीत भाऊबंदकीपासून विहिरीच्या पाण्यापर्यंत जे काही असेल त्यासह, त्याच्यापुढे ओतावी, आणि त्या विस्कळीत हकीकतीतून कचेरीला उमगेल असा आटोपशीर अर्ज त्याने उभा करावा, असा तो क्रम होता. त्याच्या जोडीला दारावरचा शिपाई असे, चावडीतला तलाठी असे, गावातला एखादा चार बुके शिकलेला शिक्षक असे. या साऱ्यांच्या मदतीत दिरंगाई होती, चिरीमिरी होती, मेहेरबानीचा भावही होता, हे खरे. परंतु माणूस आणि दप्तर यांच्यामधले अंतर कोणीतरी भरून काढल्यावाचून कारभार चालत नाही, ही गोष्ट त्या व्यवस्थेने न बोलता मान्य केली होती.

आता तीच कचेरी नागरिकाच्या हातातील मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. दाखल्याचे अर्ज आले, नोंदवह्या आल्या, शुल्क भरण्याची सोय आली, तक्रारीची पेटीसुद्धा आली. मात्र ज्याच्या आधारावाचून या कशाचाही उपयोग सामान्य मनुष्यास होत नसे, तो अर्जनवीस वाटेतच मागे राहिला. त्याचे जे काम होते, म्हणजे समोरच्याचा हेतू ओळखणे, त्याला योग्य मार्गावर आणून सोडणे, त्याची चूक वेळीच लक्षात आणून देणे, ते काम आता संकेतस्थळाच्या रचनेनेच केले पाहिजे, आणि जेथे रचना अपुरी पडेल तेथे ते करणारा मनुष्य कचेरीने नेमून दिला पाहिजे, एवढेच प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

सातबाऱ्याचेच उदाहरण घेऊ. जमिनीवर हक्क कोणाचा हे सांगणारा गाव नमुना सात आणि तीत पीक कोणते हे सांगणारा गाव नमुना बारा, या दोहोंचा मिळून झालेला हा उतारा आज महाभूलेख या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. शिवाय २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेली त्याची नक्कल १५ रुपये शुल्क भरून घरबसल्या उतरवून घेता येते. ज्यांनी एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे हेलपाटे घातले, त्यांना या सुधारणेचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु या दाराशी येणाऱ्यास जिल्हा, तालुका आणि गाव निवडल्यानंतर लगेच सर्व्हे अथवा गट क्रमांक विचारला जातो, आणि घरातील ज्या वृद्धेला तो उतारा हवा असतो तिला आपले शेत ‘ओढ्याकाठचा मळा’ किंवा ‘वरची पट्टी’ या नावानेच आयुष्यभर ठाऊक असते. नावावरून शोध घेण्याची सोय आहे खरी, परंतु दप्तरात ते नाव कोणत्या वळणाने लिहिले आहे, ‘पाटील’ की ‘पाटिल’, जमीन अद्याप निवर्तलेल्या सासऱ्याच्याच नावावर आहे की काय, हे तिला कोण सांगणार? आणि हे सर्व पार पाडून जो उतारा हाती येतो तो केवळ माहितीपुरता आहे, बँकेत अथवा कचेरीत दाखल करावयाचा तो डिजिटल स्वाक्षरीचा उतारा निराळा, हा भेद जर प्रारंभीच ठळक अक्षरांत सांगितलेला नसेल, तर तो बँकेच्या खिडकीवर, एका फेरीचे भाडे खर्च झाल्यानंतर, तिला कळतो.

जुन्या अर्जनवीसाने अशा वेळी काय केले असते? त्याने प्रथम विचारले असते की उतारा कशासाठी हवा. मग घरात जुना उतारा आहे काय, खातेदाराच्या सर्व गटांची यादी देणारा आठ-अ आहे काय, पीकविम्याची पावती आहे काय, असे एकामागून एक विचारून त्याने गट क्रमांक शोधून काढला असता. हे त्याचे चार प्रश्न, त्याच क्रमाने आणि तितक्याच साध्या भाषेत, त्या रिकाम्या चौकटीच्या शेजारी लिहून ठेवावयास फारसा खर्च येत नाही. संकेतस्थळावरील साहाय्य म्हणजे कोठेतरी तळाशी दडलेली चाळीस पानांची मार्गदर्शिका, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती मुळातच चुकीची आहे. कारण ज्या क्षणी मनुष्य अडतो त्या क्षणी, त्याच जागी मिळालेले एक वाक्य हे अन्यत्र ठेवलेल्या सबंध पुस्तिकेपेक्षा अधिक उपकारक असते.

हीच दृष्टी संकेतस्थळाच्या मांडणीलाही लागू करावयास हवी. आपल्याकडील पुष्कळशा सार्वजनिक संस्थांची पाने त्या संस्थेच्या अंतर्गत शाखांनुसार रचलेली असतात. आस्थापना, लेखा, नियोजन, समन्वय अशी ती नावे वाचताना त्या कचेरीतील कर्मचाऱ्यास घरी आल्यासारखे वाटत असेल, परंतु वडील वारल्यानंतर नळाचे कनेक्शन आपल्या नावावर करू पाहणाऱ्या मुलास त्यांतून कोणताच बोध होत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘गव्ह डॉट यूके’ हे एकत्रित संकेतस्थळ सुरू झाले आणि पुढे खात्याखात्यांची शेकडो निरनिराळी संकेतस्थळे त्यात विलीन करण्यात आली. त्या उद्योगामागचे सूत्र हेच होते, की नागरिकास खात्यांची रचना ठाऊक असण्याची गरज पडू नये, त्याने आपले काम सांगावे आणि मार्ग शासनाने दाखवावा. विशेष हे, की जे नागरिक स्वतः संगणक वापरू शकत नाहीत त्यांच्यासाठी दूरध्वनीवरून किंवा समक्ष साहाय्याची तजवीज करणे, हा त्या सेवांच्या आखणीचाच भाग मानला गेला.

अर्ज भरताना झालेली चूक दाखवून देण्याची रीत हा साहाय्याचा दुसरा प्रांत होय. ‘अवैध नोंद’ एवढे दोन शब्द लाल रंगात झळकावणारे संकेतस्थळ त्या उद्धट कारकुनाचेच काम करते, जो अर्ज परत भिरकावतो आणि कारण सांगत नाही. मोबाइल क्रमांक दहा अंकी असावा, छायाचित्र अमुक आकाराहून मोठे नसावे, दिनांक आधी दिवस, मग महिना आणि मग वर्ष या क्रमाने लिहावा, असे स्पष्ट सांगणे, आणि तेही अर्जदाराने आधी भरलेला मजकूर पुसून न टाकता सांगणे, हे सौजन्य यंत्रालाही शिकविता येते. वेळेच्या बंधनाचेही तसेच आहे: सुरक्षिततेसाठी काही मिनिटांनंतर काम आपोआप बंद करणे कदाचित आवश्यक असेल, परंतु तशी पूर्वसूचना देऊन मुदत वाढवून घेण्याची संधी वापरणाऱ्यास मिळाली पाहिजे, अशी आंतरराष्ट्रीय दंडकांतच तरतूद आहे, कारण एक बोट कळफलकावर आणि दुसरे कागदावर ठेवून, अक्षर अक्षर जुळवीत अर्ज भरणाऱ्या वृद्धाची गती हीसुद्धा नागरिकाचीच गती आहे.

या सर्व अडचणी ज्याला शतपटीने सोसाव्या लागतात तो नागरिक म्हणजे दृष्टिहीन वाचक. तो संकेतस्थळ पाहत नाही, ऐकतो. स्क्रीन रीडर नावाची प्रणाली पडद्यावरील मजकूर त्याला वाचून दाखविते. एनव्हीडीए ही या प्रकारची विनामूल्य प्रणाली मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी विकसित केली, तिचा आरंभ २००६ साली झाला, आणि आज भारतातही ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. डोळस वाचक ज्याप्रमाणे पानावरून नजर फिरवून हवा तो मथळा हेरतो, त्याप्रमाणे हा वाचक ‘एच’ ही कळ दाबून एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी घेतो. परंतु त्यासाठी मथळा हा केवळ अक्षरे मोठी करून रंगविलेला असून भागत नाही, तो मथळा आहे अशी खूण पानाच्या अंतरंगात केलेली असावी लागते. पानावरील सर्व दुव्यांची यादी तो एकत्र मागवून ऐकू शकतो. पण त्या यादीत जर ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’ असेच वीस वेळा ऐकू आले, तर गावातल्या प्रत्येक घरावर एकच क्रमांक लिहून ठेवल्यासारखी त्याची अवस्था होते. चित्राला शब्दांत वर्णन नसेल तर ते चित्र त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही; आणि रिकाम्या चौकटीला तिचे नाव जोडलेले नसेल, तर तेथे जन्मतारीख लिहावयाची की आधार क्रमांक, हे त्याने तर्कानेच जाणावयाचे. यंत्रांना बाहेर ठेवण्यासाठी योजिलेली वेड्यावाकड्या अक्षरांची कॅप्चा नावाची परीक्षा तर, ध्वनीचा पर्याय दिलेला नसेल तेव्हा, माणसालाच बाहेर ठेवते.

या प्रश्नाचा न्यायनिवाडा प्रथम गाजला तो सिडनीत. २००० सालच्या ऑलिंपिक स्पर्धांचे संकेतस्थळ आपल्याला वापरता येत नाही, चित्रांना पर्यायी मजकूर नाही, निरनिराळ्या खेळांच्या पानांपर्यंत आणि निकालांच्या तक्त्यांपर्यंत पोहोचता येत नाही, अशी फिर्याद ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन गृहस्थांनी १९९९ मध्ये तेथील मानवी हक्क आयोगापुढे दाखल केली. हे बदल करावयाचे तर अतोनात श्रम आणि पैसा लागेल, असा बचाव संयोजन समितीने केला. आयोगाने तज्ज्ञांच्या साक्षी ऐकून तो अमान्य केला आणि ऑगस्ट २००० मध्ये दुरुस्तीचा हुकूम दिला. समितीने तो पुरतेपणी पाळला नाही, तेव्हा तिला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर नुकसानभरपाई द्यावी लागली. या निकालापासून घेण्याजोगा धडा असा, की इमारत उभी राहिल्यानंतर भिंत फोडून दार काढणे नेहमीच महाग पडते, आणि त्या महागाईची सबब मुळात दार न ठेवणाऱ्यास सांगता येत नाही.

दार कसे असावे याची मापेही आता ठरलेली आहेत. जागतिक वेब संघटनेने १९९९ मध्ये पहिले, २००८ मध्ये दुसरे आणि २०१८ मध्ये त्याचे सुधारलेले असे दंडक प्रसिद्ध केले. अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांतील फरकाचे प्रमाण सामान्य मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असावे. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी पानातील मजकूर वा सोय हरवू नये. माउसला हात न लावता केवळ कळफलकावर सर्व कामे करता यावीत. प्रत्येक पानाच्या माथ्यावरील तीच ती यादी ओलांडून थेट मुख्य मजकुरावर जाता यावे, अशी ती कलमे आहेत. ही कलमे दृष्टिहीनांपुरती आहेत असे समजणे गैर होय. फिकट करड्या अक्षरांतली सूचना भर उन्हात, बांधावर उभे राहून, साध्या मोबाइलवर वाचू पाहणाऱ्या धडधाकट शेतकऱ्यासही दिसत नाही. मोतीबिंदू झालेल्या आजोबांना, हात मोडलेल्या विद्यार्थ्याला आणि नुकत्याच वाचू लागलेल्या गृहिणीलाही तीच कलमे उपयोगी पडतात.

मराठी पानांच्या काही अडचणी मात्र सर्वस्वी आपल्या आहेत. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे आपल्या कचेऱ्यांतून असे फॉन्ट वापरले गेले, ज्यांत पडद्यावर मराठी अक्षर दिसे, परंतु यंत्राच्या पोटात त्या जागी रोमन चिन्ह साठविलेले असे. अशा परिपत्रकाचा मजकूर स्क्रीन रीडरला वाचावयास दिला तर तो निरर्थक अक्षरांची माळ ऐकवितो, आणि शोधयंत्राला त्यातला एकही मराठी शब्द सापडत नाही. दुसरी खोड म्हणजे टंकलिखित आदेशाची छापील प्रत काढावयाची, तिच्यावर सही-शिक्का उमटवावयाचा आणि मग तिचे छायाचित्र पीडीएफ म्हणून चढवावयाचे. असा कागद डोळ्यांना दिसतो, पण त्यातील मजकूर शोधता येत नाही, ऐकता येत नाही, आणि भाषांतरितही सहजासहजी करता येत नाही. मूळ टंकलिखित मजकूर शेजारी ठेवावयाचा एवढाच यावरचा उपाय आहे. शोधाच्या बाबतीतही आपल्या लिपीचे बारकावे ध्यानी घ्यावे लागतात: ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये दाखल झाले, त्यामुळे तत्पूर्वीच्या पद्धतीने टंकलेले ‘ॲडव्होकेट’ आणि आजचे ‘ॲडव्होकेट’ डोळ्यांना एकच दिसले तरी यंत्राला निराळे वाटू शकतात. पानाची भाषा मराठी आहे, ही खूण पानाच्या आरंभी केलेली नसली तर वाचणारा यांत्रिक आवाज मराठी मजकूर इंग्रजी वळणाने उच्चारू पाहतो किंवा सबंध गाळूनच टाकतो. आणि मराठी पानावरील अर्जात देवनागरी अंक लिहिले असता यंत्राने ते नाकारावेत, हा तर अगदीच विचित्र प्रकार होय.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर या साऱ्यात उपकाराचा प्रश्न आता उरलेला नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन जी माहिती प्रसिद्ध करावयाची, ती लोकांना सहज मिळेल अशा रीतीने आणि स्थानिक भाषेचा विचार करून प्रसृत करणे आवश्यक आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवा मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, अशी जबाबदारी शासनावर टाकली. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. सुगम्यतेचे दंडक केवळ शिफारशी राहू नयेत, ते बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, आम्लहल्ल्याने ज्यांचे चेहरे व डोळे जायबंदी झाले त्यांना आणि दृष्टिहीनांना ओळख पटविण्याच्या डिजिटल प्रक्रियेत सोसाव्या लागणाऱ्या अडचणींचा विचार करताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे त्याने स्पष्ट केले. डोळ्यांची पापणी मिटून दाखवा, असे यंत्र सांगते आणि समोरच्या व्यक्तीला ते शक्यच नसते, एवढ्या एका तपशिलात साऱ्या प्रश्नाचे मर्म सामावले आहे.

तथापि रचना कितीही निर्दोष असली तरी काही नागरिकांना माणसाचाच आधार लागणार. आपले सरकार सेवा केंद्रे त्यासाठीच आहेत. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये ज्यांना अनुदान मिळते ती गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयेही हे काम पत्करतील तर वर्तमानपत्र वाचावयास येणाऱ्या ज्येष्ठांना तेथेच मदत मिळेल. अशा मदतनीसाने काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. शक्यतो माउस अर्जदाराच्याच हाती राहू द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी त्याला निम्मे काम तरी स्वतः करता येईल. पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी हे मालकाच्या सहीइतकेच त्याचे स्वतःचे असतात. ते मदतनीसाने विचारू नयेत, टिपून तर मुळीच ठेवू नयेत. काम झाल्यावर अर्जाचा क्रमांक आणि शुल्काची पावती अर्जदाराच्या हाती द्यावी व खाते त्याच्या डोळ्यांदेखत बंद करावे. नागरिकानेही पैसे भरण्यापूर्वी पत्त्याकडे एकवार पाहावे: शासकीय संकेतस्थळाचे नाव, पहिल्या तिरप्या रेघेपूर्वी, साधारणतः ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ येथे संपते, ही अक्षरे नावाच्या मध्येच कोठेतरी पेरलेली असतील आणि शेवट निराळाच असेल, तर ते शासनाचे नाव धारण केलेले कोणी तोतया असण्याचा संभव फार.

राहता राहिला प्रश्न हा, की आपले संकेतस्थळ लोकांना वापरता येते की नाही हे कचेरीने ओळखावे कसे. त्यासाठी मोठ्या समितीची वा खर्चिक सल्लागाराची प्रत्येक वेळी गरज नसते. पाच सामान्य माणसांना एकेक काम सांगून पानासमोर बसविले आणि त्यांना काहीही न सुचविता ती कोठे अडतात हे पाहिले, तर बहुतेक ठळक दोष उघड होतात, असे या क्षेत्रातील जाणकार जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडले होते; त्या पाचांत एक दृष्टिहीन, एक वृद्ध आणि एक केवळ मोबाइल वापरणारा असला म्हणजे ती पाहणी अधिकच बोलकी होते. याहूनही सोपा मार्ग प्रत्येक कचेरीच्या खिडकीवर आणि दूरध्वनीवर आधीच उपलब्ध आहे. संकेतस्थळावर अमुक कोठे सापडते, तमुक का स्वीकारले जात नाही, असे विचारणारी माणसे तेथे रोज येतात, आणि कारकून त्यांना उत्तर देऊन विसरून जातो. ते प्रश्न एका नोंदवहीत उतरवावेत, महिन्याच्या अखेरीस ज्या प्रश्नाची आवृत्ती सर्वाधिक झाली असेल तो ज्या पानामुळे उद्भवला ते पान प्रथम दुरुस्त करावे, आणि त्या पानाची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे व ते अखेरचे केव्हा तपासले गेले, हे त्याच्या तळाशी लिहावे. नागरिकाचा प्रश्न हा त्याच्या अज्ञानाचा पुरावा न मानता पानातील उणिवेविरुद्धची फिर्याद म्हणून दाखल करून घेण्याची शिस्त जी कचेरी स्वतःला लावून घेईल, तिला निराळी मदतपुस्तिका छापण्याची गरज दिवसेंदिवस कमी भासेल, आणि तिच्या खिडकीवरील कारकुनाला, पानाने अडविलेल्या माणसांऐवजी, ज्यांना खरोखरच माणसाची गरज आहे अशांसाठी सवड मिळेल.